बारामतीकडं बघणारा रोहित

भिगवणला रोहित पक्षी हिवाळ्यात येतात आणि पुढं निघून जातात. सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना ही ये-जा पसंत नव्हती. त्यांनी कायम मुक्कामाला राहील असा चाळीस फुटी लोखंडी रोहित हमरस्त्याच्या कडेला उभा केला. धरणाच्या पाण्याला पाठ, रस्त्याला तोंड, पंख पसरलेले. उजव्या पंखाखाली मालनबाईंची मच्छी खानावळ.

पक्ष्यावर वाऱ्याचा जोर किती येईल, हे मालनबाईंच्याच लेकीनं, इंजिनियर रश्मीनं, संगणकावर काढलं होतं. तिनं अर्धाच पक्षी मोजला. दोन्ही अंगं सारखी असली की मधोमध आरसा आहे असं धरतात. अर्ध्यावरचा जोर दुप्पट करतात, आणि डावी-उजवीकडचे धक्के एकमेकांना खोडतात म्हणून बाजूचा जोर शून्य लिहितात. तिनंही लिहिला. त्या शून्यावर पायथ्याचे बोल्ट ठरले.

मग समितीत कुणाच्या तरी लक्षात आलं, की पाहुणे बारामतीकडून येणार आणि पक्षी बघतोय समोरच्या पंक्चरवाल्याकडं. पिंपळीच्या कुंडलिक वेल्डरनं मान कापली, बारामतीकडं वळवली आणि सांध्यावर लोखंडी पट्ट्याची कॉलर लावून आवळली. रश्मीला हे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळलं. तिनं अख्खा पक्षी मोजला. आता बाजूचा जोर शून्य नव्हता. तो खानावळीकडं होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पाण्यापलीकडं आभाळ काळंनिळं झालं.

"आप्पासाहेब, कार्यक्रम पुढं ढकला. वळीव आला तर पायथा सोसणार नाही."

आप्पासाहेबांनी खिशातून अहवाल काढला. "हितं काय लिवलंय? बाजूचा जोर शून्य. सही कुणाची?"

"माझीच. पण ते शून्य मोजलेलं नाही, धरलेलं आहे. मान सरळ आहे असं धरून."

"मग आजच्या दिवस अजून धर की. कागदावर सरळच हाय."

कुंडलिकला वेगळंच वाईट वाटलं. "अर्धाच मोजला व्हता व्हय, ताई? आन आमी आख्खा बनवत बसलो."

रश्मी खानावळीत गेली. "आई, ऊठ इथून."

"साठ माणसाचं कालवण चुलीवर हाय. लोखंडाच्या पाखराला भिऊन उठू?"

"त्याच्या पायाला हात लाव फक्त."

मालनबाईंनी हात लावला. लोखंड आतून गुणगुणत होतं. त्यांनी हात काढला, पदर खोचला आणि पातेल्याचा एक कान धरला. "त्या अंगानं धर. सांडू नको."

पातेलं रस्ता ओलांडून पंक्चरच्या दुकानात गेलं. गिऱ्हाइकं ताटं घेऊन पातेल्यामागं गेली. कुणीही कारण विचारलं नाही.

"त्या पाव्हण्यास्नी बी बोलाव की," मालनबाई म्हणाल्या.

"दोनदा बोलावलं. आप्पासाहेब अहवाल दाखवतात."

पाहुणे पायथ्याशी खुर्च्यांवर बसले होते. आप्पासाहेब माइकवरून पक्ष्याची मजबुती वाचून दाखवत होते. ते शून्यापर्यंत आले, तेव्हा पाण्यावरून वारा आला.

कॉलर करकरली. पक्ष्यानं बारामतीकडची मान हळूच काढून घेतली. ती सरळ झाली; तेवढा एक क्षण रश्मीचा जुना हिशेब बरोबर होता. मान तिथं थांबली नाही. दुसऱ्या अंगाला, इंदापूरकडं वळत गेली.

पाहुण्यांना वाटलं, आत यंत्र बसवलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पायथ्याचा पहिला बोल्ट तुटला, तो आवाज टाळ्यांत कुणाला ऐकू आला नाही. रस्त्यापलीकडं रश्मीला आला. ती पुढचा मोजू लागली.