काचेपलीकडून बोलणारी

तात्यांनी उभी हयात बसच्या स्टिअरिंगमागे काढली, आणि निवृत्त होईपर्यंत पोट आणि साखर दोन्ही हाताबाहेर गेली. म्हणून त्यांनी इस्पितळातल्या संशोधनात नाव दिलं. काम सोपं होतं. हवाबंद खोलीत काही दिवस राहायचं. आत पलंग, संडास आणि व्यायामाची सायकल; जेवण भिंतीतल्या झडपेतून. छतातली नळी श्वास ओढून न्यायची, आणि माणूस किती ऊर्जा जाळतो ते बाहेरच्या पडद्यावर रेघ होऊन उमटायचं. तात्यांची रेघ पाटासारखी सपाट. सायकल मारली तरी जेमतेम कूस बदलायची.

मग काकू, म्हणजे तात्यांची बायको, भेटायला आल्या. खोलीच्या काचेपलीकडून त्यांनी आत बोलायचा फोन उचलला.

"गिझर चालू ठेवून आलात ना?"

"मी बंद केला होता."

"मग काय भुतानं लावला?"

तिथून जी गाडी सुटली ती थेट काकूंच्या भावाच्या लग्नात जाऊन थांबली. तात्या पलंगावर बसूनच हातवारे करत होते. बाहेर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. रेघ पडद्याबाहेर निघून गेली होती.

"काकू," त्या घाईघाईने म्हणाल्या, "उद्या पण याल का?"

पण पेशंटशी मुद्दाम भांडायचं तर इस्पितळाच्या नीतिसमितीची परवानगी हवी होती. समितीने बराच खल करून गिझर, पलंगावरचा ओला टॉवेल आणि भावाचं लग्न हे विषय मंजूर केले. सासूबाई जिवाला धोका म्हणून वगळल्या.

"मग बोलू काय, कपाळ?" काकू कडाडल्या. तरी त्यांनी निभावून नेलं. तात्यांचं वजन उतरलं, साखर ताळ्यावर आली, आणि त्यांना घरी सोडलं.

काकूंना मात्र सोडलं नाही. घरी बोलणारं कुणी नसलेले पेशंट पुष्कळ होते, तेव्हा इस्पितळाने काकूंना पगारावर ठेवलं. पांढरा कोट घालून त्या या काचेवरून त्या काचेवर जायच्या आणि परक्या माणसांना फैलावर घ्यायच्या. एका पहिलवानाला तर रडू फुटलं.

संध्याकाळी घरी आल्या की कोट खुंटीला अडकवून म्हणायच्या, "घसा बसलाय हो," आणि आडव्या व्हायच्या.

तात्यांनी मुद्दाम गिझर चालू ठेवला. काकूंनी मुकाट्याने बंद केला. तात्यांनी ओला टॉवेल त्यांच्या उशीवर टाकला. काकूंनी तो वाळत घातला. घर इतकं शांत झालं की फ्रिजचीच सोबत वाटायला लागली. तात्या त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे आणि उभे आहोतच म्हणून खायचे. साखर पुन्हा वर गेली. डॉक्टरीणबाईंना आनंद झाला. त्यांनी लगेच खोली दिली.

दुसऱ्या दिवशी काकू कागद चाळत काचेपाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या, फोन कानाला लावला आणि मान वर केली.

"तुम्ही?"

"हं."

"ड्युटीवर ओळख काढायची नाही," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "विषय कोणता घेऊ?"

"कोणताही घे."

काकूंनी हातातले कागद बाजूला ठेवले. तात्यांचे गाल सुजल्यासारखे दिसत होते, दाढी वाढली होती. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "काकू, हे मंजूर नाहीये!"

काकूंनी फोन कानावरून हलवला नाही. "थांबा जरा," त्या म्हणाल्या, "ते सांगताहेत."