दुसरं कडवं

उकळत्या पाण्यात बाटलीचं रबरी बोंड उलटं होत होतं, सुलटं होत होतं... पाच मिनिटं म्हणजे पाच. तिनं घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, वर आणखी एक मिनिट जाऊ दिलं आणि मगच गॅस बंद केला. छकुली खांद्यावर पेंगत होती. तिला झोपवायचं गाणं एकच, आणि तेही अंगाई नव्हे — कॉलेजच्या वर्षांत, समोरच्या कापडदुकानात दहा-दहा तास उभं राहून तागे उलगडताना तिनं आणि सोबतच्या मैत्रिणीनं, ठेंगणीनं, जुळवलेलं. उभ्याच आलो, उभ्याच राहू, उभ्याच जाऊ काय... पहिलं कडवं शब्दांनी, दुसरं नुसतं हं-हं करून. दुसऱ्यात मालक होता. आणि आता त्या मालकाचा मॅनेजर तिचा नवरा होता.

आज त्याच दुकानाच्या पायरीवर कामावरच्या पोरी धरणं धरून बसल्या होत्या. काउंटरमागे स्टुलं हवीत, एवढंच मागणं.

"खिडकी लावून घे," तो सकाळी म्हणाला होता. रागानं नव्हे, बूट घालता घालता, तिच्याकडे न बघता. हाच तेव्हा चोरून पाण्याचा पेला पुढे सरकवायचा... मग ठेंगणीचा फोन. आवाज पार बसलेला.

"अगं, नव्या पोरींना पहिलंच कडवं येतं. दुसरं म्हणायला ये ना खाली."

"छकुलीला दात येताहेत गं."

"येऊ देत की! आमच्यात कुणाला तरी यायलाच हवेत."

ती हसली होती. फोन ठेवल्यावर मात्र तिनं खिडकीची कडी लावली. गर्दीत छकुलीला धक्का लागला तर... त्याची नोकरी गेली तर...

काचेपलीकडे गाणं सुरू झालं. टाळ्यांसकट, भरभर. पहिलं कडवं संपलं आणि पोरी पुन्हा पहिल्यावरच आल्या. तिसऱ्यांदा टाळ्या विरळ झाल्या. रस्त्यात कुणीतरी फिदीफिदी हसलं — ते हसणं तिला लागलं, इथे, वर.

तिनं खिडकीची कडी काढली. ओठांशी सवयीनं हं-हं आलं. त्याच्यामागे शब्द होते का अजून? होते. मालक, तुमची खुर्ची मऊ, आमचे दगड पाय... झोपवायच्या संथ चालीतच निघाले. छकुलीनं डोळे टक्क उघडले. हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तिनं ओलं बोट आईच्या तोंडात घातलं, हे येतंय कुठून ते चाचपत.

खाली ठेंगणीनं मान वर केली. दुकानाच्या दारात तोही — इकडेच बघत. रागानं की नुसताच, इतक्या वरून कळेना.

भीती गेली नव्हती. ती पोटातून उठून गळ्याशी आली होती, त्या इवल्या बोटाच्या अगदी जवळ... तिनं ते बोट ओठांत हलकेच धरलं, सोडलं, आणि पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला.