मुझम्मिलची साक्ष

मिरकरवाड्याचा मुझम्मिल वेल्डर म्हणून तुर्कमेनिस्तानात गेला, तेव्हा तो देश कुठे आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे राजधानीत राष्ट्राध्यक्षाचा सोनेरी पुतळा होता, सूर्याबरोबर फिरणारा. त्याच्याकडे बघून हसू नका, अशी मुकादमाने पहिल्याच दिवशी ताकीद दिली.

बैराम कामगारांचा दुभाष्या. सिनेमे बघून हिंदी शिकलेला. मुझम्मिल तापाने फणफणला तेव्हा त्याने त्याला आठ दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं.

२००२च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाच्या ताफ्यावर गोळीबार झाला आणि धरपकड सुरू झाली. बैरामला कामावरूनच उचललं. दोन दिवसांनी मुझम्मिलला बोलावणं आलं. मोडकं हिंदी बोलणाऱ्या अधिकाऱ्याने चहा दिला, त्यांच्या भाषेतला एक कागद पुढे सरकवला.

"काय लिहिलंय यात?"

"तू त्याला ओळखतोस, एवढंच. तुझा भाऊही इथेच आहे ना?"

धाकटा तहा त्याच साइटवर होता. मुझम्मिलने सही केली.

महिन्याभरात तो घरी परतला. तहा तिथेच राहिला. उन्हाळ्यात बैरामच्या बायकोचं, ओगुलचं पत्र आलं. मॉस्कोतल्या तिच्या भावाने ते तिथून पोस्टात टाकलं होतं. मुझम्मिलच्या बायकोने, बिल्किसने, त्याला ते मोडकं इंग्रजी वाचून दाखवलं. बैरामने माझ्याकडे पिस्तुलं मागितली, असं मुझम्मिलच्या सहीच्या जबानीत होतं. बैरामला वीस वर्षांची शिक्षा झाली होती. 'तुम्ही खरंच असं म्हणालात?'

"खरं काय ते लिवा तिला," बिल्किस म्हणाली.

"तहा तिथं हाय. तो येऊ दे, मग लिवतो."

तहाला हे फोनवर सांगायची सोय नव्हती. फोन ऐकले जात. काही ठाऊक नसलेल्या तहाने कंत्राट वाढवून घेतलं. तो आला तेव्हा त्या पत्राला दीड वर्ष उलटलं होतं. त्याच आठवड्यात ओगुलचं दुसरं पत्र आलं. बैराम तुरुंगात मेला होता. प्रेतही दिलं नव्हतं.

सगळं ऐकून तहा म्हणाला, "भाई, आई आजारी हाय म्हणून नुसती तार केली असतीस, तरी मी दुसऱ्या दिवशी निघालो असतो."

मुझम्मिलला हे सुचलंच नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं, ते त्यालाही सांगता येईना.

"आता लिवून काय उपेग?" तो म्हणाला.

"त्याच्या पोरांना बापाचं खरं कळंल," बिल्किस म्हणाली आणि कागद घेऊन बसली.

तो सांगत गेला, ती लिहीत गेली. 'मी न वाचता सही केली. तुमच्या नवऱ्याने माझ्याकडे कधीच काही मागितलं नाही.' खाली त्याने पूर्ण नाव, पत्ता घातला आणि या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेऊन सही केली.

पत्र ओगुलच्या भावाच्या मॉस्कोतल्या पत्त्यावर गेलं. उत्तर आलं नाही.