वारा नव्हता

कुंपणाच्या जाळीतून तिने सगळं पाहिलं होतं. नवरा पहिल्यांदाच एकटा हेलिकॉप्टर उडवणार होता. घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा ती लेकीला कडेवर घेऊन तिथेच येऊन उभी राहिली होती. शिकवणारे सर खाली उतरले, दार लावलं, अंगठा दाखवला. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठतंय न उठतंय तोच उजवीकडे कलंडलं. पाती मातीत आपटून तुटली आणि सगळं गप्प झालं. नवरा बाहेर आला तो स्वतःच्या पायांनी, हनुवटीवर जरासं खरचटलेलं.

"बाबा पडला," लेक म्हणाली. सायकलवरून पडावा तसं.

ही सकाळची गोष्ट. दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून तो नातेवाइकांना फोन करत होता. आईला सांगताना वाऱ्याची झुळूक होती. मोठ्या भावापर्यंत झोत झाला. मामापर्यंत पोचेस्तोवर चांगलं वादळ सुटलं.

"आत्या राहिलीय अजून," ती म्हणाली. "तिला सांगशील तेव्हा छपरं उडतील."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. "सोडून देतो मी. कितीही शिका, वारा काय विचारून येतो?"

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. लेक झाल्यापासून आभाळात कुठे घरघरलं तरी ती हातातलं काम टाकून दारात यायची, आणि आवाज विरेपर्यंत तिथेच उभी राहायची. पण "सोड" हा शब्द तिने कधी तोंडातून काढला नव्हता. आता तो न मागता पदरात पडला होता. फक्त गप्प बसायचं होतं.

"तू बघत होतीस ना?" त्याने विचारलं. "होता ना वारा?"

तिने लेकीचं तोंड पुसलं, ते स्वच्छ असूनही. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी कुंपणाजवळच्या खांबावर होती. इथे आल्या आल्या तिची नजर आधी त्या पिशवीकडे जायची, सवयच लागली होती. आज ती पिशवी वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबत होती.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. टेबलावरचा चमचा हेलिकॉप्टर चालवायच्या दांडक्यासारखा मुठीत धरून तो अजून हात उजवीकडे, डावीकडे करून बघत होता. नसलेल्या वाऱ्याला हा माणूस जन्मभर भिणार, आणि उद्या लेकीलाही भ्यायला शिकवणार.

"नव्हता," ती म्हणाली.

"लांबून तुला काय कळणार?"

"हेलिकॉप्टर ज्यांवर टेकतं त्या खालच्या दोन दांड्या दिसत होत्या. डावी आधी उठली. उजवी गवतात रुतलेलीच, आणि तू उजवीकडेच रेटत होतास."

"मी कशाला रेटीन?"

"रोज रेटतोस म्हणून. सर शेजारी बसले की डावीकडे झुकतं, असं तूच म्हणतोस ना? त्यांच्या पोटाची नक्कल करून दाखवतोस. आज ती खुर्ची मोकळी होती."

चमचा मुठीतच थांबला.

"उतरताना सांगितलं होतं त्यांनी," तो हळूच म्हणाला. "मी नसलो की हे वेगळं वागेल, म्हणाले. मी मान डोलावली."

"डोलावणारच. मीही काही सांगितलं की डोलावतोस."

त्याने सरांना फोन लावला. "सर, वारा नव्हता. माझाच हात चुकला." मग नुसतंच हो, हो. शेवटी बायकोकडे बघत, "यायचंय, सर." तिने मान हलवली नाही, होकाराला नाही की नकाराला नाही.

"पुन्हा पहिल्यापासून," फोन ठेवत तो म्हणाला. "आधी ते शेजारी. मग त्यांच्या जागी वाळूची पोती बांधायची, आणि एकेक कमी करत न्यायची."

"आणि ही पोती त्यांना आज सुचली?"

"आता ते मी कसं विचारू?"

"तू नकोच विचारूस." लेकीला त्याच्या मांडीवर देऊन तिने फोन घेतला आणि नंबर पुन्हा लावला. "सर, मी त्याची बायको बोलतेय. दोन मिनिटं आहेत का तुम्हाला?"