चेहऱ्यापासून केसभर दूर

मी एक जुना कुंचला आहे, तीन नंबरचा. मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस एका म्हाताऱ्या कारागिरिणीने पत्र्याच्या नळीत बसवले आणि मी जन्मलो. माझे टोक सुईसारखे होते. न्यूयॉर्कमधल्या सॉल पिंस्कर नावाच्या चित्रकाराने मला जिभेवर टेकवून पारखले आणि घरी नेले.

सॉल भयकथांच्या कॉमिक्सची चित्रे काढत असे. एका अंकात चार गोष्टी. बहुतेक गोष्टींत कुणीतरी पाप करी आणि शेवटच्या चौकटीत त्याचे फळ भोगी. उकरलेली माती, जिन्यावरची सावली, विस्फारलेले डोळे, सारे मीच रंगवले. मुले एकमेकांच्या हातून अंक हिसकावून वाचत. मला फार अभिमान वाटे.

मग १९५४ साल आले. ही कॉमिक्स मुलांना बिघडवतात, अशी ओरड झाली. काही शाळांच्या अंगणांत त्यांच्या होळ्या पेटल्या. एके दिवशी सॉलची नऊ वर्षांची मुलगी पर्ल शाळेतून आली आणि तिने दप्तर भिरकावले.

"पप्पा, सगळ्यांनी अंक जाळले. बाई म्हणाल्या, तूही टाक. मी तुमच्या नावाचं पान फाडून बुटात लपवलं."

सॉलने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःच नियम केले आणि छापण्याआधी पाने तपासायला तपासनीस नेमले. तपासनिसांचा शिक्का नसेल, तर दुकानदार गठ्ठ्याची दोरीही सोडेनात. सॉलच्या नव्या गोष्टीत गावात आलेल्या एका परक्या माणसाला जमाव चोर ठरवून मारतो. तो निर्दोष असतो. शेवटच्या चौकटीत त्याचा मेलेला चेहरा होता आणि भोवती गावकरी.

तपासनीस मिस हॅडली म्हणाल्या, "चेहरा पांढऱ्या रंगाने झाका. मुलं घाबरतील."

"बाई, घाबरावं म्हणूनच तर काढलाय."

"उद्या दुपारपर्यंत झाकून आणा, नाहीतर अंक विसरा."

अंक काढणाऱ्या कंपनीचा मालक गार्बस तर हातच जोडू लागला. "सॉल, एका चेहऱ्यापायी सहा घरांच्या चुली विझवतोस का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉलने मला पांढऱ्या रंगात बुडवले. मी त्या चेहऱ्यापासून केसभर दूर होतो. पर्ल टेबलावर रेलून पाहत होती.

"पर्ल, भीती वाटते याची?"

"याची नाही. हे भोवती उभे आहेत ना, त्यांची."

सॉलने मला पाण्यात खळखळून धुतले. चेहरा तसाच राहिला.

दुसरी गोष्ट काढायला वेळ नव्हता, म्हणून शिक्क्याविनाच अंक छापला, पण गठ्ठे न उघडताच परत आले. कंपनी बुडाली. गार्बस पुन्हा सॉलशी बोलला नाही. ते सॉलला शेवटपर्यंत लागून राहिले. तो जाहिरातींसाठी टाकाने बुटांची चित्रे काढू लागला आणि मी खणात पडलो. झुरळांनी माझे केस कुरतडले.

फार वर्षांनी ते पान एका संग्रहालयाने मागून नेले, सोबत मलाही. ऐंशी वर्षांचा सॉल पर्लचा हात धरून पाहायला आला. पान उंचावर टांगलेले पाहून तो खेकसला, "एवढ्या वर कुणासाठी? खाली घ्या! पोरांसाठी काढलंय ते."

त्यांनी ते खाली घेतले.

मित्रांनो, काम झाल्यावर कुंचला धुऊन ठेवत जा. आणि कुणाचा चेहरा झाकायला सांगितले, तर आधी तो नीट पाहा. इथे रोज मुले येतात, काचेला नाक लावतात, दचकतात. काही पळून जातात. काही मात्र उभी राहतात आणि भोवतालच्या गावकऱ्यांकडे एकेक करून पाहू लागतात.