बसलेला झार

"स्वतःच कुठंतरी ठेवायचं आणि मग पोराला घरभर रांगायला लावायचं," रोदिऑन खाटेखालून पुटपुटला. माझा नवरा. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांचं दुखणं जुनं.

बाहेर आम्हाला न्यायला आलेला येफिम गाडीचा भोंगा वाजवत होता. गेल्या हिवाळ्यात सासूबाई विहिरीपाशी बर्फावर घसरल्या, तेव्हाच ठरलं होतं, पुढचा हिवाळा खेड्यात एकटीनं काढायचा नाही, आमच्याकडे शहरात, वोलोग्दाला यायचं. गाठोडी बांधून झाली. निघण्याआधी घटकाभर गप्प बसायचं असतं, तसे बाकावर बसलोही. दोनदा. दोन्ही वेळा त्या उठल्या.

"माझा रुबल सापडल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही."

त्यांच्या आजोबांचा तो चांदीचा रुबल. तिसऱ्या अलेक्झांडर झारच्या पुतळ्याची आठवण म्हणून काढलेला. एका बाजूला दाढीवाला चेहरा, दुसरीकडे सिंहासनावर बसलेला तोच. मॉस्कोतला पुतळा क्रांतीनंतर पाडला. आमचा मात्र देवाच्या तसबिरीमागे आजवर बसून होता. आज तिथं नुसता तो गुंडाळायचा रुमाल.

"पिठात बघ रे, रोद्या."

"दोनदा चाळलं, आई! आता काय चूल फोडू?"

"फोड. बापानं बांधलेली आहे, तुला कुठं परत रचता येणारेय!"

सकाळी चहाचं पाणी घेताना ओगराळं बादलीच्या तळाला खणकन वाजलं होतं. वाकून पाहिलं, तर पाण्याखाली झार ऐसपैस बसलेले. सांगणारच होते मी. पण आमच्या दीड खोलीत सासूबाईंची खाट कुठं घालायची, यावरून परवाच आम्हा नवराबायकोचं वाजलं होतं. मी झाकण लावलं आणि चहा ओतत राहिले.

आता रोदिऑन घामाघूम होऊन पाणी प्यायला गेला. खणकन. तो थबकला. माझ्याकडे बघितलंच नाही. झाकण लावून, मिशा पुसत म्हणाला, "फडताळामागे बघतो जरा."

असा संताप आला मला! मी एक सून आहे. पण हा तर पोटचा मुलगा!

पुन्हा भोंगा. सासूबाई शाल पांघरून बाकावर बसल्या. "या, बसा."

तिसऱ्यांदा बसलो.

"मला कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या, "पण बादलीचा आवाज दोन्हीदा आला."

त्या रोदिऑनकडे वळल्या.

"मला यायचं नाही, रोद्या, म्हणून तो मीच टाकला तिथं. आणि तुम्हालाही मला न्यायचं नाही."