थाळीत काही नाही

भाऊजींना माज आला होता, दुसरं काही नाही. सकाळी मी त्यांचा चहा हातात धरून दारात उभी, आणि हा माणूस माझ्या पुढ्यातून सरळ फाटकाकडे निघाला. मान म्हणून वळवली नाही. हाक मारली तेव्हा दचकले, आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, तुम्ही कधी आलात?" जशी काही मी चार दिवसांची पाहुणी!

मी लग्न होऊन आले तेव्हा हे धाकटे दीर दहा वर्षांचे होते. नाक पुसण्यापासून सगळं मी केलं. पुढे लग्नाचं काढलं की म्हणायचे, "तुमच्यासारखी दुसरी घरात आली तर छप्पर उडेल." असं म्हणत म्हणत राहून गेले. आमचे हे वारल्यावर संत्र्याची बाग पोराने हातात घेतली, पण कीड बघायचं काम भाऊजींकडेच राहिलं.

संत्र्याच्या कोवळ्या फुटीवर एक किडा येतो, सायला म्हणतात त्याला. तिळाहून लहान. रुसलेल्या नणंदेसारखा डोकं खाली आणि बूड वर करून बसतो. रस पितो ते एक वेळ चालेल, पण जाताना रोग देऊन जातो. पान अर्धवट पिवळं पडतं, फळ वाकडं आणि कडू होतं. एकदा रोग धरला की औषध नाही, झाड मुळासकट काढायचं. म्हणून किडा वेळेत दिसला पाहिजे. भाऊजी दर मंगळवारी फांदीखाली पांढरी थाळी धरायचे, काठीने तीनदा ठोकायचे, खाली पडतील ते किडे मोजून वहीत आकडा लिहायचे. दोन-तीन दिसले की त्याच दिवशी फवारणी. पस्तीस वर्षं असं चाललं. आजूबाजूच्या बागा गेल्या, आमची राहिली.

यंदा वहीत पानभर शून्य. शून्य वाचायला शाळा लागत नाही. मीच शेजारणीला ऐकवून आले, "आमच्या भाऊजींच्या नजरेला घाबरून किडा येतच नाही."

मग शेजारणीच्या बागेत रोग निघाला आणि तपासणीचे साहेब आमच्याकडेही आले. विहिरीकडच्या ओळीत त्यांनी भाऊजींच्या हातातली थाळी घेतली आणि फांदी ठोकली. थाळीवर नुसती वळवळ. पोराचा चेहरा उतरला. त्यानेच विचारलं,

"काका, गेल्या मंगळवारी इथे किती होते?"

"थाळीत काही नव्हतं."

"काही नव्हतं? एवढे एका आठवड्यात आभाळातून पडले? गेलाच नसाल तुम्ही. झाडाखाली ताणून दिली असेल."

भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले, "दिली असेल."

तिथे मला खटकलं. दर मंगळवारी दवाने गुडघ्यापर्यंत भिजलेली त्यांची विजार मीच धुवायला टाकत होते. केलेली चूक नाकारणारे मी ढिगाने पाहिलेत. न केलेला आळस कबूल करणारा हा पहिलाच.

साहेब आणि पोरगा रोग धरलेल्या झाडांवर लाल खुणा करत पुढे गेले. मी थाळी उचलली, फांदी ठोकली आणि भाऊजींपुढे धरली.

"किती?"

त्यांनी थाळी नाकाजवळ नेली. एक किडा त्यांच्या अंगठ्यावर चढला, नखावर जाऊन बसला.

"काही नाही, वहिनी."

"नीट बघा."

"काही नाही म्हटलं ना."

मी खालीच बसले. "कधीपासून?"

त्यांनी थाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "मागच्या बहरापासून. कडेचं दिसतं, मधलं सगळं पुसलंय. डॉक्टरकडे जाऊन आलो. आता काही होणार नाही म्हणाले."

"आणि तोंड शिवून बसलात? मला सांगायला काय झालं होतं?"

"बघायचं तेवढंच काम होतं माझ्याकडे. तेही जमत नाही म्हटल्यावर तुमच्या घरात कुठल्या तोंडाने जेवायचं?"

तुमच्या घरात! वर्षभर मी ज्याला माज म्हणत होते तो हा होता.

दोनशे दहा झाडांवर लाल खूण झाली. आठवड्याने मशीन आलं. पोरगा म्हणाला, "आई, काकांना घरातच ठेव." मी त्यांचा हात धरून त्यांना बांधावर नेऊन बसवलं. कलमं त्यांनी बांधली होती, झाडांना शेवटचं पोहोचवायलाही त्यांनीच यायला हवं होतं.

मशीन एकेक झाड मुळासकट उपटून बाजूला टाकत होतं. चुरगळलेल्या पानांचा वास घशात उतरत होता.

"आता कुठलं?" भाऊजी विचारायचे.

"विहिरीकडून तिसरं."

"त्याला फळ उशिरा यायचं."

"आता पाचवं."

"ते वादळात कललेलं. मी टेकू दिला होता."

दुपारनंतर त्यांनी विचारणं सोडलं. मीही सांगणं सोडलं. मशीन थांबलं तेव्हा समोर लांबवर नुसते खड्डे होते, आणि पलीकडचा रस्ता, जो आमच्या बांधावरून कधीच दिसत नव्हता, तो सरळ दिसत होता.

"वहिनी, मी ताईकडे जाऊन राहतो," भाऊजी म्हणाले. "पिशवी भरून ठेवलीय."

डोळ्यांत पाणी नव्हतं त्यांच्या. पाठ ताठ होती. निघायला म्हणून त्यांनी हात टेकला, तो मी तसाच दाबून धरला.

"बसा खाली. पिशवी मी सकाळीच रिकामी केली. झाडं तुमच्यामुळे गेली, भाऊजी. हे मी पोराला सांगितलंय, तुम्हालाही तोंडावर सांगते, गोड बोलून झाकणार नाही. झाडांचं एक वेळ मी विसरेन. पण पस्तीस वर्षं मी वाढलेलं ताट तुम्ही मजुरी समजून जेवलात, ते मात्र मरेपर्यंत माफ करणार नाही."